गाठ केव्हा पडेल, कोठे पडेल?
वेग, अंतर व काळ यांच्या शाब्दिक उदाहरणांचा अभ्यास

पश्चिम रेल्वेवर विरारच्या उत्तरेस वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही स्थानके ओळीने लागतात. विरार ते डहाणू रोड हे अंतर सुमारे ६४ किलोमीटरांचे आहे. १९६९ साली तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला, पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत विस्तारली आणि या मार्गावरील वर्दळीचे स्वरूपच पालटले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. पाळीला निघालेला कामगार, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, मासळीची पाटी घेऊन निघालेली कोळीण हे सारे ज्या गाडीने प्रवास करतात ती स्थानका-स्थानकावर थांबत जाते. तिच्या मागून, त्याच रुळांवरून, लांब पल्ल्याची वेगवान गाडी येत असते. पुढची संथ, मागची वेगवान. मागची पुढचीला केव्हा आणि कोठे गाठील? पाठ्यपुस्तकातील वेग, अंतर व काळ या प्रकरणातला हा प्रश्न या मार्गावर दररोज, दिवसातून अनेक वेळा, प्रत्यक्षात सोडवला जातो.

शाळेत मात्र हाच प्रश्न विद्यार्थ्यांना अवघड वाटतो. शिष्यवृत्ती परीक्षेपासून तलाठी, पोलीस शिपाई आणि रेल्वे भरतीच्या परीक्षांपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने अशा परीक्षेतील दोन-चार गुणांना मोठे मोल असते. सूत्र पाठ असूनही उदाहरण सुटत नाही, याचे कारण बहुधा गणितात नसते. उदाहरणात काय घडत आहे याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिलेले नसते.

वेगाची नव्हे, वेगांच्या फरकाची गोष्ट

एक साधे उदाहरण घेऊ. थोरला भाऊ सकाळी ७ वाजता सायकलवरून पालघरहून बोईसरकडे निघाला. त्याचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे. कारखान्याच्या दारावर दाखवावयाचे ओळखपत्र तो घरीच विसरला. हे ध्यानात येताच धाकटा भाऊ ७ वाजून २० मिनिटांनी स्कूटरवरून त्याच्या मागे निघाला. स्कूटरचा वेग ताशी ३६ किलोमीटर आहे. गाठ केव्हा पडेल?

स्कूटर निघाली त्या क्षणी सायकल किती पुढे होती, हे प्रथम पाहावे. २० मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात सायकल ४ किलोमीटर गेली. यापुढे दोघेही चालतच आहेत. एका तासात स्कूटर ३६ किलोमीटर जाईल आणि सायकल १२. म्हणजे दोघांमधील अंतर तासाला २४ किलोमीटर या दराने कमी होत जाईल. कमी व्हावयाचे अंतर ४ किलोमीटर आहे. ४ भागिले २४ म्हणजे तासाचा सहावा हिस्सा, अर्थात १० मिनिटे. ७ वाजून ३० मिनिटांनी गाठ पडेल. तोपर्यंत स्कूटर ६ किलोमीटर गेलेली असेल. सायकलही अर्ध्या तासात ६ किलोमीटरच गेलेली असेल. दोन्ही अंकांचा मेळ बसला, म्हणजे ताळा जमला.

या रीतीत पुढच्याला जणू जागीच उभे केले जाते आणि मागच्याला केवळ वेगांच्या फरकाने चालवले जाते. हे एकदा समजले की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. मुलांना हे पटवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दर मिनिटाचा हिशेब फळ्यावर मांडणे. स्कूटर मिनिटाला ६०० मीटर जाते, सायकल २०० मीटर. अंतर मिनिटाला ४०० मीटरने घटते. ४००० मीटर, ३६००, ३२००, असे उतरत जाऊन दहाव्या मिनिटाला शून्य येते. आकडे उतरताना दिसले की ‘वेगातील फरक’ हा शब्द कोरडा राहत नाही.

हेच उदाहरण उलटे फिरवून विचारणे अधिक उपयुक्त ठरते. सायकल ८ किलोमीटरवरील फाटकापाशी पोहोचण्यापूर्वीच तिला गाठावयाचे असेल, तर स्कूटरचा वेग किती हवा? सायकल तेथे ४० मिनिटांत पोहोचेल. धाकट्याच्या हाती त्यातील २० मिनिटेच उरतात. तेवढ्यात ८ किलोमीटर जाण्यासाठी ताशी २४ किलोमीटर वेग लागेल. तो त्याहून थोडा अधिक ठेवला की काम झाले. घाईत निघालेल्या मुलाने स्कूटर जिवावर उदार होऊन हाकण्याचे कारण नाही, हेही त्यातून सहज दिसते.

चुका कोठे होतात

उत्तरपत्रिकांतील चुका नीट पाहिल्या तर त्या थोड्याच प्रकारच्या असतात. पहिली चूक एककांची. २० मिनिटे म्हणजे ०.२० तास असे लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. मग सायकलची आघाडी २.४ किलोमीटर येते आणि उत्तर ६ मिनिटे मिळते. येथे ताळा उपयोगी पडतो: ६ मिनिटांत स्कूटर ३.६ किलोमीटर जाते, तर सायकल निघाल्यापासून २६ मिनिटांत ५.२ किलोमीटर गेलेली असते. दोघे एका जागी नाहीत, मग गाठ कशी पडली? ज्या मुलाला ताळा पाहण्याची सवय लागली तो स्वतःची चूक स्वतःच पकडतो. जुन्या गुरुजींचा ताळ्याचा आग्रह अनाठायी नव्हता.

दुसरी चूक फरकाऐवजी बेरीज घेण्याची. समोरासमोर येणाऱ्यांच्या वेगांची बेरीज आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांच्या वेगांचा फरक, हे पाठ केलेले वाक्य परीक्षेच्या धांदलीत उलटते. ‘एका तासात दोघांमधले अंतर किती बदलले?’ एवढा एकच प्रश्न विचारण्याची सवय असली तर वाक्य पाठ नसले तरी चालते.

तिसरी अडचण विद्यार्थ्यांची नाही, प्रश्न काढणाऱ्यांची आहे. ‘किती वेळाने गाठेल?’ असे विचारले जाते, पण कोणाच्या निघण्यापासून, हे सांगितले जात नाही. वरील उदाहरणात स्कूटर निघाल्यापासून १० मिनिटे आणि सायकल निघाल्यापासून ३० मिनिटे, ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. घड्याळातील वेळ विचारली तर हा घोळ राहत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांनी हे पथ्य कटाक्षाने पाळावयास हवे. घरी वारली किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण भाषेतील असे संदिग्ध वाक्य म्हणजे दुहेरी अडथळाच होय.

आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत

हा प्रश्न काही आगगाडीबरोबर आलेला नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात त्याचा नियम एका श्लोकात दिला आहे. दोन गतिमान वस्तू परस्परांच्या विरुद्ध दिशेने जात असतील तर त्यांच्यामधील अंतरास गतींच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या फरकाने भागावे. येणारा भागाकार हा त्यांच्या भेटीचा काळ, मग ती भेट होऊन गेलेली असो वा व्हावयाची असो, असा त्याचा आशय आहे.

यातील शेवटचा भाग विशेष विचार करण्यासारखा आहे. भेट ‘होऊन गेलेली’ असू शकते, ही गोष्ट आजच्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते. समजा, स्कूटर आधीच सायकलच्या ४ किलोमीटर पुढे आहे आणि दोघेही याच वेगांनी जात आले आहेत. गणित तेच, उत्तर तेच १० मिनिटे. मात्र ती गाठ १० मिनिटांपूर्वी पडून गेली. बीजगणिताने सोडवले तर उत्तर ऋण येते, आणि ऋण उत्तर म्हणजे ‘चूक’ अशी समजूत झालेला विद्यार्थी ते खोडून टाकतो. दोघांचे वेग समान असतील तर फरक शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही. म्हणजेच गाठ कधीच पडत नाही. अशी ‘न सुटणारी’ उदाहरणे वर्गात मुद्दाम द्यावीत. सुटते की नाही हे ओळखणे, हाही उदाहरण सोडवण्याचाच भाग आहे.

आर्यभटाला हा नियम लागला तो ग्रहगणितासाठी. पण पंचांग उघडणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येतो. तिथी म्हणजे दुसरे काय? चंद्र आकाशात दररोज सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक सरकतो, सूर्य सुमारे १ अंश. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते. फरक दिवसाला सुमारे १२ अंश ११ कला. पूर्ण ३६० अंशांची आघाडी घेऊन सूर्याला पुन्हा गाठण्यास चंद्राला ३६० भागिले हा फरक, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा चांद्रमास तो हाच. घड्याळाच्या दोन काट्यांची शर्यतही याच जातीची: बारा वाजता एकत्र असलेले काटे पुन्हा एकत्र येतात ते १ वाजून ५ पूर्णांक ५/११ मिनिटांनी.

सातपाटी, चिंचणी, डहाणूच्या किनाऱ्यावरील कोळीबांधवांना या गणिताचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठण्यास आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात, आणि म्हणून भरती दररोज तेवढी उशिरा येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरची रीत यातूनच निघाली. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा. सहाच्या सुमारास भरती. कागद-पेन्सिल न लागणारे हे गणित वर्गात सांगितले, तर किनाऱ्यावरच्या मुलाला आपल्या घरचे ज्ञान शाळेच्याच जातीचे आहे असे प्रथमच वाटेल.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) गाठीचे एक निराळेच उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि तो तिरपी झेप घेतो. दोघांनी कापलेले अंतर सारखेच. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर १२ हात. साप २७ वजा १२, म्हणजे १५ हात आला. मोराची तिरपी वाट ९ व १२ हात भुजा असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, तीही १५ हात. वेग समान असल्याने मोर सापाच्या मागे धावत राहिला असता तर त्याला तो कधीच सापडला नसता. पुढचा बिंदू हेरून झेप घेतली म्हणून सापडला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने मठ उभारल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. महाराष्ट्रातील शिक्षकाला हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही.

इतर देशांतही हा विषय जुनाच आहे. चीनमधील ‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथात १०० पावले चालणारा आणि तेवढ्याच वेळात ६० पावले चालणारा अशा दोघांचे उदाहरण आहे; संथ चालणाऱ्याला १०० पावलांची आघाडी दिली असता चपळ चालणारा त्याला २५० पावलांवर गाठतो. ग्रीक तत्त्वज्ञ झेनो याने तर मागचा पुढच्याला कधी गाठूच शकणार नाही असा युक्तिवाद केला होता. मागचा पुढच्याच्या जागी पोहोचेपर्यंत पुढचा थोडा पुढे गेलेलाच असतो, आणि हे अनंत वेळा घडते, असे त्याचे म्हणणे. आपल्या सायकल-स्कूटरला ते लावून पाहता येते. स्कूटर ४ किलोमीटर जाते तो सायकल ४/३ किलोमीटर पुढे. तेवढे जावे तो आणखी ४/९ पुढे. पण ४, ४/३, ४/९ या न संपणाऱ्या पदांची बेरीज अनंत होत नाही, ती बरोबर ६ होते. आधी काढलेले उत्तरही ६ किलोमीटरच होते.

विरार ते बोईसर: नियंत्रकाचे गणित

आता पुन्हा रुळांकडे वळू. पुढील वेग केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, वेळापत्रकातील नव्हेत. उपनगरी गाडी विरारहून ६ वाजता सुटली. थांब्यांसह तिचा सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर. वेगवान गाडी विरारहून ६ वाजून २० मिनिटांनी गेली; तिचा वेग ताशी ७५ किलोमीटर. २० मिनिटांत उपनगरी गाडीने १५ किलोमीटरांची आघाडी घेतली, वेगांतील फरक ३०. म्हणून अर्ध्या तासाने, ६ वाजून ५० मिनिटांनी, विरारपासून साडेसदतीस किलोमीटरवर गाठ पडेल. उमरोळी विरारपासून सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. कागदावरील गाठ उमरोळी स्थानक ओलांडताच पडते.

कागदावर जिला ‘गाठ’ म्हणावयाचे, ती एका रुळावर अपघात ठरेल. म्हणून रेल्वेत हे गणित गाठ घडावी म्हणून नव्हे, तर घडू नये म्हणून करावे लागते. मार्गाचे खंड पाडलेले असतात. पुढचा खंड मोकळा असल्याखेरीज मागच्या गाडीस सिग्नल मिळत नाही. संथ गाडीला वेळेवर एखाद्या स्थानकात लूप मार्गावर घ्यावे लागते आणि वेगवान गाडी पुढे गेल्यावर सोडावे लागते. प्रवाशांच्या भाषेत ‘गाडी साइडला टाकली’. ती कोठे टाकावयाची, हा नियंत्रकापुढील प्रश्न.

येथे तासाऐवजी किलोमीटरचा हिशेब सोयीचा पडतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाची गाडी एक किलोमीटर ८० सेकंदांत जाते, ताशी ७५ ची ४८ सेकंदांत. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला दोन गाड्यांमधील वेळ ३२ सेकंदांनी कमी होते. विरारला ती २० मिनिटे, म्हणजे १,२०० सेकंद होती. केळवे रोड सुमारे २३ किलोमीटरवर आहे. तेथे २३ गुणिले ३२, म्हणजे ७३६ सेकंद खर्ची पडले, उरले ४६४ सेकंद, म्हणजे ७ मिनिटे ४४ सेकंद. पालघर सुमारे ३१ किलोमीटरवर; तेथे उरतात २०८ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांहूनही किंचित कमी. पालघरपर्यंत उपनगरी गाडी पुढे पोहोचते खरी, पण साडेतीन मिनिटांत तिला बाजूस घेणे, सांधे बदलणे आणि मागच्या गाडीला हिरवा सिग्नल देणे यास फारशी सवड राहत नाही. वेगवान गाडीला थोपवावे तर तिच्यामागची रांग खोळंबते. उपनगरी गाडीला आधीच्या स्थानकात घ्यावे तर बोईसरला पाळी गाठणारा कामगार उशिरा पोहोचतो. दोन्ही पर्यायांची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. विरार-डहाणू मार्ग चौपदरी करण्याचा प्रकल्प मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात घेण्यात आला, त्यामागचे गणित सातवीतल्या मुलाला याप्रमाणे समजावून देता येते.

बोरिवली ते विरार चार मार्ग असल्याने तेथे गाड्या शेजारून पुढे जाऊ शकतात. तेथे गाडीची लांबीही धरावी लागते. सुमारे २५० मीटर लांबीची बारा डब्यांची लोकल सेकंदाला १५ मीटर जात असेल आणि सुमारे ६०० मीटर लांबीची मेल सेकंदाला २५ मीटर, तर मेलला लोकल पूर्णपणे ओलांडण्यास ८५० भागिले १०, म्हणजे ८५ सेकंद लागतील. त्याच दोन गाड्या समोरासमोरून जाताना मात्र ८५० भागिले ४०, म्हणजे सव्वाएकवीस सेकंद पुरतात. खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येक मुलाने हा फरक अनुभवलेला असतो. त्याला तो मोजावयास सांगावे.

अंगणातले गणित

१९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे आले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून तेथे कुरणशाळा निघाली. ज्या जिल्ह्याला ही परंपरा लाभली आहे, तेथे गाठीची उदाहरणे फळ्यावरच का कोंडावीत?

शाळेच्या अंगणात चुन्याने एक रेघ आखून तिच्यावर सारख्या अंतराच्या खुणा कराव्यात. दोन मुलांना एकमेकांपासून ६ घरे अंतरावर उभे करावे. शिक्षकाने टाळी वाजवताच पुढच्याने एक घर आणि मागच्याने दोन घरे पुढे जावे. सहाव्या टाळीला गाठ पडते. मागचा १२ घरे चाललेला असतो. मग पुढच्याला टाळीगणिक दोन घरे आणि मागच्याला तीन घरे द्यावीत. बहुतेक मुलांना वाटते की आता गाठ लवकर पडेल, कारण दोघेही भरभर चालत आहेत. पण गाठ पुन्हा सहाव्याच टाळीला पडते. फक्त ती १८ घरांवर पडते. गाठ पडण्याचा काळ वेगांच्या फरकावर ठरतो, गाठ पडण्याची जागा प्रत्यक्ष वेगांवर ठरते, ही गोष्ट दहा मिनिटांत वीस उदाहरणांहून पक्की होते.

सातपाटीच्या होड्यांचे उदाहरण याला जोडून घेता येईल. स्थिर पाण्यात एक होडी ताशी ८ किलोमीटर जाते, दुसरी १२. पहिली २ किलोमीटर पुढे आहे. दुसरी तिला अर्ध्या तासात गाठील. दोघींना ताशी ३ किलोमीटरचा ओहोटीचा ओघ सारखाच मिळाला तरी वेग ११ व १५ होतात, फरक ४ च राहतो आणि काळ तोच अर्धा तास. जागा मात्र ६ किलोमीटरऐवजी साडेसात किलोमीटरवर जाते.

रस्त्यावरचा हिशेब

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून महामार्गाकडे जाणारे ट्रेलर आणि त्यांना ओलांडू पाहणारे मोटारसायकलस्वार हे जिल्ह्यातील नित्याचे दृश्य आहे. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओलांडण्याचे गणित दहावीच्या आतच प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असावे. ट्रेलरचा वेग ताशी ४० किलोमीटर, मोटारसायकलचा ६०. मागची सुरक्षित जागा सोडून पुढे सुरक्षित जागा घेईपर्यंत ट्रेलरच्या लांबीसह ४० मीटरांची आघाडी मिळवावयाची आहे असे धरू. वेगांतील फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. ४० मीटरांना ७.२ सेकंद लागतात. एवढ्या वेळात मोटारसायकल स्वतः १२० मीटर पुढे गेलेली असते. समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन येत असेल तर तेही १२० मीटर आलेले असते. म्हणजे ओलांडण्यास आरंभ करताना समोरचा रस्ता निदान २४० मीटर मोकळा दिसावयास हवा, आणि हाही केवळ काठावरचा हिशेब झाला. वळणावर, चढावर, पावसाळ्याच्या धूसर उजेडात एवढा रस्ता दिसत नाही. ट्रेलरचा वेग ४० ऐवजी ५० असेल तर फरक निम्मा होतो, काळ दुप्पट होतो आणि मोकळा रस्ता ४८० मीटर लागतो. ‘ट्रेलर जोरात चालला आहे म्हणून पटकन पुढे काढतो’ असे म्हणणाऱ्याचे गणित नेमके उलटे असते.

कचेरीतला अनुशेष

पंचायत समितीतील सदस्य व अधिकारी यांनाही हे प्रकरण परके नाही. एखाद्या कार्यालयात ३०० प्रकरणे साचली आहेत, दरमहा ४० नवी येतात आणि ६५ निकाली निघतात. ३०० ला ६५ ने भागून ‘पाच महिन्यांत सारे निपटेल’ असे आश्वासन दिले जाते. पण साठा महिन्याला ६५ ने नव्हे, २५ ने घटतो. म्हणून १२ महिने लागतील. आणि ज्या महिन्यात निकाली प्रकरणे ४० वर आली त्या महिन्यात साठा जागचा हलत नाही, कर्मचारी दिवसभर काम करीत असले तरी. प्रादेशिक अनुशेषाचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या विषयावरील चर्चेतही हाच मुद्दा गुंतलेला आहे: मागे पडलेला भाग पुढच्या भागाइतक्याच वेगाने वाढला, तर दोघांमधील अंतर जसेच्या तसे राहते.

सरावासाठी

जव्हारहून १० वाजता सुटलेली एस. टी. ताशी ३० किलोमीटर वेगाने पालघरकडे जात आहे. आश्रमशाळेतील मुलीचे परीक्षेचे प्रवेशपत्र घरी राहिल्याने तिचे वडील १० वाजून १५ मिनिटांनी जीपने, ताशी ४५ किलोमीटर वेगाने निघाले. गाठ किती वाजता आणि जव्हारपासून किती अंतरावर पडेल?

रेल्वेच्या उदाहरणातील वेग तेच ठेवून, उपनगरी गाडी ४३ किलोमीटरवरील बोईसरला वेगवान गाडीच्या आधी पोहोचावी यासाठी वेगवान गाडी विरारहून निदान किती उशिरा जावयास हवी?

३ वाजल्यानंतर घड्याळाचे दोन्ही काटे प्रथम केव्हा एकत्र येतील?

उत्तरे: १० वाजून ४५ मिनिटे, साडेबावीस किलोमीटर, २२ मिनिटे ५६ सेकंदांहून अधिक, ३ वाजून १६ पूर्णांक ४/११ मिनिटांनी.